कुटुंब, मैत्री आणि पवित्र शास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल स्टडी घेताना गेली कित्येक वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात, आणि खरे प्रश्न तर मीटिंग संपल्यावर दारात उभं राहून हळू आवाजात विचारले जातात. मी पास्टर नाही, थिऑलॉजीही शिकलेले नाही, त्यामुळे खाली जिथे संदर्भ दिलाय तिथे बायबल उघडून स्वतः बघा आणि मग माझ्याशी भांडा.

देव पहिला, मग फॅमिली, मग चर्च, मग मित्र, असा क्रम बायबलमध्ये नक्की कुठे दिलाय?

अशी लिस्ट कुठेच नाही. देव पहिला यात वाद नाही, पण त्याच्या खाली आपण जे नंबर लावतो ते आपलेच. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं येशूला विचारलं (मत्तय २२) तेव्हा विचारणाऱ्याने एक मागितली होती आणि येशूने दोन दिल्या, देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, वर दुसरी पहिलीसारखीच आहे असंही सांगितलं. योहान तर आणखी पुढे जातो, दिसणाऱ्या भावावर प्रेम नाही तर न दिसणाऱ्या देवावर कुठून असणार (१ योहान ४:२०).

मला विचाराल तर हा क्रम बहुतेक वेळा माणसं टाळायला वापरला जातो. मार्क ७ मधलं कुर्बानचं प्रकरण वाचा. त्या काळी एखाद्याने आपला पैसाअडका 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेला आहे असं जाहीर केलं की म्हाताऱ्या आईबापांनी मदत मागितली तरी 'आता ते देवाचं झालं, मला हात लावता येत नाही' म्हणायला तो मोकळा. दिसायला किती धार्मिक! आणि येशूने नेमकं यालाच धरलं, की तुम्ही देवाची आज्ञा बाजूला सारून स्वतःची रीत चालवता. आज कुर्बान शब्द कुणी वापरत नाही पण 'चर्चच्या सेवेत आहे, वेळ नाही' हे वाक्य मी स्वतः आईला फोनवर कितीतरी वेळा ऐकवलंय. आणि प्रेषित पौल तर स्पष्टच लिहितो की जो घरच्यांची तजवीज करत नाही त्याने विश्वास नाकारला (१ तीमथ्य ५:८).

मग येशू आईवडिलांचा द्वेष करा असं का म्हणाला? लूक १४:२६ वाचून मला झोप लागली नव्हती.

लागू नये असंच वाक्य आहे ते. पण हाच विषय मत्तय १०:३७ मध्ये येतो तिथे शब्द आहेत 'माझ्यापेक्षा आईवर किंवा बापावर जास्त प्रीती'. म्हणजे तुलनेचा मामला आहे, इब्री बोलण्यात कमी प्रेमाला थेट द्वेष म्हणायची पद्धत होती. उत्पत्ती २९ मध्ये याकोबाच्या दोन बायका आहेत, त्याचं राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रेम होतं असं ३० वं वचन सांगतं आणि लगेच ३१ मध्ये मूळ भाषेत लेआसाठी द्वेषाचाच शब्द येतो. आपल्याकडे त्यासाठी फार चपखल शब्द आहे, नावडती. राजाची आवडती आणि नावडती, लहानपणीच्या गोष्टींतली, तसंच.

आणि हे वाक्य बोलणारा माणूस पुढे क्रूसावर श्वास घ्यायला धडपडत असताना आईची सोय लावतो, शिष्याला सांगतो ही तुझी आई (योहान १९:२६-२७). त्यामुळे लूक १४ चा दाखला देऊन घरच्यांशी तुसडेपणाने वागणाऱ्याचं मला काही पटत नाही. निवड करायची वेळ खरंच आली तर येशू वर, हे आहेच, तिथे मी पाणी घालणार नाही. पण बहुतेकांवर तशी वेळ महिन्यातून चारदा येत नाही हो.

आईवडिलांचा मान राखायचा म्हणजे लग्न, नोकरी सगळं ते म्हणतील तसंच?

नाही. मान आणि आज्ञापालन हे दोन वेगळे शब्द आहेत. 'मुलांनो, आज्ञा पाळा' हे इफिसकरांस ६ मध्ये घरातल्या मुलांना आहे आणि त्याच दमात बापांनाही आहे की मुलांना चीड आणू नका, ते चौथं वचन चर्चमधल्या संदेशात म्हणजे प्रवचनात फारसं ऐकू येत नाही का कोण जाणे. मोठं झाल्यावर मान राखणं म्हणजे काय ते कुर्बानवरून कळतं, तिथे प्रश्न पैशाचा आणि काळजीचा होता. निर्णय वेगळा घेतला तरी चालेल पण तो त्यांना स्वतः समोर बसून सांगायचा, शेजाऱ्याकडून कळता कामा नये. (ही आज्ञा पाचवी की चौथी यावरही आमच्याकडे एकदा अर्धा तास गेलाय. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत चौथी, बाकी बऱ्याच मंडळ्यांत पाचवी. आज्ञा तीच.)

घरात मी एकटीच विश्वासात आहे. घरच्यांना कसं सांगू?

आधी हे लक्षात घ्या की येशूच्या घरीही हेच होतं. त्याचे आप्त त्याला धरून न्यायला आले होते, त्यांना वाटलं याचं डोकं फिरलंय (मार्क ३:२१). त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान ७:५ सरळ लिहितो. सगळी चिन्हं, सगळे दृष्टांत, आणि घरात शून्य रिझल्ट! मग पुनरुत्थानानंतर तो याकोबाला दिसला (१ करिंथकर १५:७, आणि हा त्याचा भाऊ याकोब असं सर्वसाधारणपणे मानतात) आणि प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये आई आणि भाऊ शिष्यांबरोबर प्रार्थनेत बसलेले दिसतात. म्हणजे घरच्यांना वेळ लागतो.

पेत्र अशा बायकांना सांगतो की नवरे तुमच्या वागण्याने, एक शब्द न बोलता, जिंकले जावेत (१ पेत्र ३:१). एक शब्द न बोलता! आणि आपण फ्रीजवर वचन चिकटवतो, त्यांच्या उशाशी प्रचाराची पत्रकं ठेवतो, जेवताना टोमणा मारतो. वर्षभर काही बोलू नका, घरातलं एखादं सगळ्यांना नको असलेलं काम अंगावर घ्या, आणि कुणी विचारलंच तर दोन वाक्यांत उत्तर द्या, वीस नको.

नवऱ्याचा मारहाणीचा स्वभाव आहे. मंडळीत सांगतात सहन कर, प्रार्थना कर, क्षमा कर.

प्रार्थना करा, पण आधी सुरक्षित ठिकाणी जा, भरवशाच्या माणसाला सांगा आणि गरज वाटली तर पोलिसांत जा. क्षमा करणं आणि मार खायला तिथेच राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवावर उठलेल्या शौल राजाला मारायची संधी दावीदाने दोनदा सोडली, मनात डूख धरला नाही, पण भाला फेकल्यावर तो पळाला आणि पुन्हा त्या वाड्यात राहायला गेला नाही (१ शमुवेल १९, २४, २६). 'पत्नींनो अधीन असा' हे इफिसकरांस ५:२२ ऐकवणाऱ्याला आधीचं २१ वं वाचायला सांगा, एकमेकांच्या अधीन असा, आणि मग २५ वं, नवऱ्यांनी ख्रिस्तासारखा स्वतःचा जीव द्यावा. तुम्हाला सहन कर म्हणणारी माणसं वाईट असतीलच असं नाही, पण या बाबतीत चुकतायत.

मुलांबरोबर फॅमिली प्रेअर जमतच नाही. कुणी झोपतं, कुणी भांडतं.

आमच्याकडे पण. एकदा नोहाच्या तारवाचं वाचत होतो, मी अगदी रंगून सांगतेय, आणि धाकट्याने विचारलं की नोहाने डास का घेतले, दोनच होते तर तिथेच मारून टाकायचे ना. नवरा हसू दाबायला बाथरूममध्ये गेला. मी चिडले, कारण माझा 'मुद्दा' राहिला होता. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा स्वतःहून म्हणाला डासवाली गोष्ट पुढे वाच.

दहा मिनिटं बस. एक छोटा उतारा, एक प्रश्न मुलांचा, एक प्रार्थना आणि तीही लांबण नको. अनुवाद ६:७ मध्ये मुलांना वचन शिकवायच्या वेळा दिल्यात त्या बघा, घरी बसलेले असताना, रस्त्याने चालताना, झोपताना, उठताना. सगळं चालताबोलता आहे, स्टेज नाही माइक नाही. आणि दोघांपैकी एकच पालक विश्वासात असेल तर खचून जाऊ नका, तीमथ्याचा बाप ग्रीक होता, पौल त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची (२ तीमथ्य १:५).

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांशी मैत्री ठेवावी का? कुसंगतीने नीती बिघडते ना?

बिघडते, १ करिंथकर १५:३३. पण तो अध्याय पुनरुत्थान नाकारणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे ती संगत मंडळीच्या आतलीसुद्धा असू शकते! येशूला लोक टोमणा मारून जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र म्हणायचे (लूक ७:३४) आणि तो त्याने कधी खोडून काढला नाही. ठेवा मैत्री. फक्त त्यांना प्रोजेक्ट समजू नका, माणसाला लगेच कळतं आपल्याला कुणी मित्र म्हणून बोलावलंय की टार्गेट म्हणून.

चर्चमध्ये शंभर लोक ओळखतात पण मित्र म्हणावं असं कुणी नाही.

हा प्रश्न विचारणारे जितके वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत, आणि सगळ्यांना वाटतं आपण एकटेच. उपासना संपली की 'प्रेज द लॉर्ड, कशा आहात', 'छान', झालं, गाडी काढली.

मैत्री बायबलमध्ये नेहमी थोड्यांशीच दिसते. येशूच्या मागे गर्दी होती, सोबत बारा आणि फार जवळचे तीन. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने त्या तिघांना एवढंच मागितलं की माझ्याबरोबर जागे राहा, आणि तेही झोपले. तरी त्याने त्यांना टाकलं नाही. दावीद आणि योनाथानाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण माझी आवडती जागा १ शमुवेल २३:१६ आहे. दावीद जीव वाचवत रानात लपलाय, शोधणारा शौल म्हणजे योनाथानाचा सख्खा बाप, आणि हा राजपुत्र उठून त्या रानात जातो आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो. तिथे त्याने काही सोडवलं नाही, शौल थांबला नाही, दावीद रानातच राहिला. नुसता जाऊन आला. पुढे योनाथान लढाईत मेला आणि कितीतरी वर्षांनी दावीद विचारतो त्याच्या घरातलं कुणी उरलंय का, आणि योनाथानाच्या दोन्ही पायांनी अधू असलेल्या मुलाला, मफीबोशेथाला, आपल्या टेबलावर बसवतो (२ शमुवेल ९). मैत्री अशी पुढच्या पिढीपर्यंत गेली.

सुरुवात कशी करायची, तर शंभरातून एक जण निवडा, त्याच्याकडे काहीतरी छोटी मदत मागा. मदत देणारे आपण सगळेच असतो, मागितली की समोरचा जरा मोकळा होतो. आणि नीतिसूत्रे २५:१७ पण वाचून ठेवा, शेजाऱ्याच्या घरी सारखं सारखं जाऊ नकोस नाहीतर तो कंटाळेल. शास्त्रात हे पण आहे बरं का.

मित्र मोठ्या दुःखात आहे. कुठलं वचन पाठवू?

माझी एक मैत्रीण, तिची आई आयसीयूमध्ये होती, मी रोज सकाळी सहा वाजता तिला वचन पाठवायचे, खाली फुलं, मागे सूर्योदय. अकरा दिवस पाठवले. ती रोज हात जोडलेला इमोजी टाकायची आणि मला वाटायचं किती धीर मिळतोय तिला. बाराव्या दिवशी तिचा मेसेज आला, 'वचन नको पाठवूस, माझ्याकडे बायबल आहे, तू ये.' हॉस्पिटल माझ्यापासून बसने वीस मिनिटांवर होतं. गेले. ती बाकावर बसली होती, चार्जरची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती म्हणून फोन एका हातात उंच धरून. मी जाऊन तो फोन धरला आणि ती माझ्या खांद्यावर झोपली, चाळीस मिनिटं, एक शब्द नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो पण त्यांनी सुरुवात बरोबर केली होती, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही (ईयोब २:१३). बिघडलं ते बोलायला लागल्यावर. आणि गंमत म्हणजे ते जे बोलले त्यातलं पुष्कळसं ऐकायला शास्त्राला धरूनच वाटतं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला (४२:७). दूर असाल, जाणं शक्यच नसेल, तर फोन करा, आणि वचन पाठवायचंच असेल तर तुम्हाला ते का आठवलं हे एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवा. फॉरवर्ड नको.

जवळच्या मित्राशी वाजलं, दोघंही सेवेत. आता एकमेकांचं तोंड बघत नाही.

पौल आणि बर्णबा. नव्याने विश्वासात आलेल्या पौलाला प्रेषित घाबरत होते तेव्हा त्याचा हात धरून आत नेणारा बर्णबाच होता, आणि त्याच दोघांत इतका कडाक्याचा तंटाबखेडा झाला की वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१). कारण मार्क. तो आधीच्या प्रचारफेरीत पंफुल्याहून अर्ध्यावर परत गेला होता, पौल म्हणाला याला न्यायचं नाही, बर्णबा म्हणाला न्यायचं, आणि मार्क बर्णबाचा नातलग होता (कलस्सैकर ४:१०), म्हणजे घरचा माणूस आणि सेवा हा आपला नेहमीचाच गुंता. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने कोण बरोबर ते लिहिलेलं नाही आणि मला ते फार आवडतं. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. आणि शेवटच्या पत्रात कैदेतून तोच पौल लिहितो मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे (२ तीमथ्य ४:११).

आता तुमचं. मत्तय ५:२३-२४ म्हणतं अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी भावाशी समेट कर, आणि तिथे अट ही आहे की 'त्याच्या' मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, म्हणजे चूक माझी नाही ही पळवाट बंद. मत्तय १८:१५ म्हणतं दोघंच असताना बोल. ग्रुपवर 'प्रार्थनेचा विषय' म्हणून टाकणं हे दोघंच असताना बोलणं नव्हे.

लग्न झालेलं नाही, फॅमिलीवरचे संदेश ऐकून आता मागच्या बाकावर बसतो.

तुमचा राग रास्त आहे. येशू अविवाहित, पौल अविवाहित, आणि चर्चचा निम्मा कार्यक्रम 'जोडप्यांसाठी'. रोमकरांस १६ हा नावांचा अध्याय लोक वगळतात, त्यात तेराव्या वचनात पौल रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला, जी माझीही आई आहे, असं लिहितो. या बाईने पौलासाठी नक्की काय केलं ते कुठेच नाही. काहीतरी केलंच असेल ना. मंडळीतल्या कुटुंबांनो, रविवारी टेबलावर एक खुर्ची जास्त ठेवा.

वर्षात बायबल पूर्ण करायचं ठरवतो आणि दरवर्षी अडकतो.

कुठे अडकता ते मी सांगते, लेवीय. ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ११८९ अध्याय, वर्षात बसवायचे तर दिवसाला तीन-चार, आणि उत्पत्ती ५० अधिक निर्गम ४० असे नव्वद संपतात साधारण २८ जानेवारीला. मग लेवीय, होमार्पण, चरबी, महारोगाचे नियम, आणि प्लॅन गेला. दोष तुमच्या भक्तीचा नाही.

वर्षात संपवा असं शास्त्रात कुठे नाही. अध्यायही मूळचे नाहीत, आताचे अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनने पाडले असं मानतात आणि नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएनने १५५१ मध्ये घातले. त्यामुळे 'रोज एक अध्याय' हे माप बऱ्याचदा गोष्ट मध्येच तोडतं. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळा अध्याय, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतो. फिलिप्पैकरांस चार अध्यायांचं पत्र आहे, पत्र जसं वाचतात तसं सलग वाचा. मग तेच पुन्हा.

वाचते पण कळत नाही.

रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारलं कळतंय का, तो म्हणाला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार, आणि त्याला वर बसवून घेतलं (प्रेषितांची कृत्ये ८). एवढा मोठा अधिकारी, लाजला नाही. कुणाला तरी शेजारी बसवा.

मोबाईलवर वाचलं, ऑडिओ ऐकलं तर चालतं का?

चालतं. बहुतेक पहिल्या ख्रिस्ती लोकांनी शास्त्र कानांनीच ऐकलं, स्वतःची प्रत कुणाकडे होती! प्रकटीकरण १:३ मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे दोघांनाही धन्य म्हटलंय. नोटिफिकेशन मात्र बंद ठेवा.

आवडती वचनं पाठ आहेत. मागचा पुढचा संदर्भ बघायलाच हवा का?

सैतानालाही वचन पाठ होतं, येशूला मोहात पाडताना मंदिराच्या कळसावर त्याने स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं (मत्तय ४:६). यिर्मया २९:११, हिताच्या योजना, हे परीक्षेच्या आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी फिरतं. त्याच्या वरचंच वचन वाचा, सत्तर वर्षांनी. ते बाबेलात कैदेत गेलेल्यांना लिहिलेलं पत्र होतं, वाचणाऱ्यांपैकी बरेच जण परत जायच्या आधीच मरणार होते, आणि त्यांना सांगितलं की तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलंबाळं होऊ द्या, त्या शहराचं भलं बघा. मला हे संदर्भासकट वाचल्यावर जास्त आवडायला लागलं, कारण उद्याच्या इंटरव्ह्यूचं काय होईल यावर ते टिकून नाही.

वाचन चालू आहे, प्रार्थना चालू आहे, पण आत सगळं कोरडं पडलंय.

मग आनंदी स्तोत्रं काही दिवस बाजूला ठेवा आणि स्तोत्र ८८ काढा. १५० स्तोत्रांत दुःखाची पुष्कळ आहेत पण बहुतेक शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. शेवटचं वचन असं की तू माझे मित्र आणि सोबती माझ्यापासून दूर केलेस, आणि मग अंधार, संपलं. कुणीतरी हे लिहिलं आणि पुढच्यांनी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं, काढून टाकलं नाही. एकट्याने वाचवत नसेल तर त्या मागच्या बाकावरच्या माणसाला फोन करा आणि म्हणा अठरा वचनं आहेत, तू वाच, मी ऐकते.